घंटी ज्याच्या फाटकावर

बल्गेरियाच्या डोंगरातल्या आमच्या वाडीत पाच घरांतून धूर निघतो. या पाच घरांचं एकमेकांशी पटत नाही आणि एकमेकांवाचून चालतही नाही. भांडायला तरी माणूस लागतंच, आणि डोंगराच्या या अंगाला आमच्याशिवाय आहे कोण? कोल्हे.

चार हिवाळ्यांमागे बर्फाच्या ओझ्याने विजेचे खांब आडवे झाले. शहरातल्या कचेरीतून एक साहेब आले. त्यांनी पडलेले खांब बघितले, मग आमची घरं बघितली, माझ्या घरची राकिया, फळांची कडक दारू, प्यायले आणि निघून गेले. त्यानंतर कधीही फोन केला की एकच उत्तर, 'वर कळवलंय.' उंटावरून शेळ्या हाकणारी ती माणसं. आम्ही मेणबत्त्यांवर आणि गॅसच्या बत्तीवर आलो. नेद्कोकडे पेट्रोलवर चालणारं जनरेटर होतं, पण ते तो फक्त फुटबॉलच्या सामन्याला लावायचा, आणि तेव्हाही उजेड खिडकीतून फुकट बाहेर जाऊ नये म्हणून पडदे ओढून घ्यायचा. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असा हा माणूस. अंधाराची सवय होते असं लोक म्हणतात. त्यांनी डोंगरातला जानेवारी बघितलेला नसतो.

माझ्या कुंपणापलीकडे गेना राहते. तिचा मुलगा रुमेन प्लोव्हदिव शहरात गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. मागच्या जानेवारीत तो न सांगता आला, तर आई अंगात कोट, डोक्याला रुमाल अशी काळोखात बसलेली. गॅस वाचवत होती. पोरगा उंबऱ्यावरच बसला आणि ढसाढसा रडला. चांगला मुलगा आहे तो. लहानपणी माझे आलुबुखार चोरायचा, एवढाच काय तो दोष. तिला शहरातल्या आपल्या फ्लॅटवर न्यायचं म्हणून त्याने आईच्या मागे लागून तिच्या दोन्ही शेळ्या नेद्कोला विकायला लावल्या, म्हणजे तिला इथे अडकून पडायला कारण उरू नये. शेळ्या गेल्या, पण गेना गेली नाही. "चौथ्या मजल्यावर मी काय करू? खाली बघून थुंकू?" असं म्हणाली.

मग ईस्टर झाल्यावर इस्क्रा आली. पायांत चिखलाचे बूट, केसांना पेन्सिल खोचलेली. ओस पडलेल्या शाळांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवणारी त्यांची सहकारी संस्था आहे. आमची शाळा बंद होऊन जमाना झाला, पण तिचं छप्पर नेमकं दक्षिणेला तोंड करून आहे. ज्या शाळेत मला पाढे कधी आले नाहीत, तिच्यावरून आमच्या घरांत वीज यायची होती! पॅनेल आम्ही नेद्कोच्या ट्रॅक्टरवरून चढवली (डिझेल आम्ही भरलं, हे सांगायला नको). बॅटऱ्या वर्गात फळ्याखाली मांडल्या. इस्क्रा घरोघर बसून विचारत होती, दिवे किती, फ्रिज आहे का, टीव्ही किती वेळ लावता. आम्ही सगळं खरं खरं सांगितलं.

ज्या दिवशी वीज आली, त्या दिवशी गेना फ्रिजचं दार नुसतं उघडत होती आणि लावत होती. आत काहीच नव्हतं. आतला दिवा बघत होती ती.

रुमेनचा मात्र विश्वास बसेना. फोनवर म्हणाला, "आई, चार दिवस कौतुक होईल आणि मग पुन्हा काळोख. मी सप्टेंबरात येतो, क्रस्तोव्हदेनचा सण झाल्यावरच्या शनिवारी. घर बघतो. काही कमी दिसलं तर तू गाडीत बसायचंस. मग रडारड नको."

"आणि काही कमी नाही दिसलं तर?"

"तर राहा. मी पुन्हा तोंड उघडणार नाही."

"दिला शब्द," गेना म्हणाली. मी शाळेच्या अंगणात तिच्या शेजारीच बसले होते. आणि गेना शब्द दिला की फिरवत नाही. लग्नसुद्धा तिने असाच शब्द देऊन केलं होतं, आणि माणूस कसा निघाला ते सगळ्या वाडीला माहीत आहे.

त्या शनिवारच्या आदल्या दिवशी मिरच्यांची गाडी आली. खालच्या मैदानातून वर्षातून एकदा येते, हॉर्न वाजवत. लाल, गोड, हाताएवढ्या मिरच्या. प्रत्येक घर पोतं उतरवून घेतं, कारण ल्युतेनित्साच्या बरण्या भरल्याशिवाय आमच्याकडे हिवाळा सुरू होत नाही. मिरच्या भाजायच्या, सोलायच्या, टोमॅटोबरोबर घोटायच्या आणि रटरट शिजवायच्या. भाजायला घरोघरी चुश्कोपेक असतो. विजेवर तापणारा मातीचा डबा तो. वरून मिरची सोडायची, झाकण ठेवायचं, बघता बघता साल सुटते. चार वर्षं तो अडगळीत पडून होता आणि आम्ही चुलीच्या पत्र्यावर भाजून डोळे फोडून घेत होतो. यंदा सगळ्यांनी आपापला चुश्कोपेक पुसून ठेवला. गेनाने तर तिचा ओल्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने.

शनिवारी सकाळी दरीत दाट धुकं होतं, त्याच्या आधीचे तीन दिवसही तसेच गेले होते. पण मिरच्या थांबत नाहीत. कॉफी झाली आणि मी चुश्कोपेकचं बटण दाबलं. तेवढ्यात कुंपणापलीकडून गेना ओरडली, "व्हेल्का! गेली गं!"

मी छातीवर क्रूस काढला. "कोण गेली?"

"वीज!"

वाडीभर दारं उघडली. सगळे शाळेच्या अंगणात जमलो, कारण फोनला रेंज तिथेच येते. मी इस्क्राला फोन लावला. ती मला लेल्या म्हणते, म्हणजे मावशी.

"लेल्या व्हेल्का, काय लावलं होतंत?"

"काही नाही गं बाई. नेहमीचंच."

"नेहमीचं म्हणजे?"

"दिवे, फ्रिज, पेन्कोचा रेडिओ. आणि चुश्कोपेक."

"एक?"

"एक कसा पुरेल? घरटी एक."

मग ती म्हणाली, "मी प्रत्येकाच्या घरी तासभर बसले होते. मला हे कोणीच कसं सांगितलं नाही?"

आता काय सांगायचं तिला? घरात काय काय आहे असं कोणी विचारलं, तर 'मीठ आहे' असं आपण सांगतो का? मी म्हटलं, "आणि तू बल्गेरियन आहेस ना? तुझी आई मिरच्या कशावर भाजते?"

तेव्हा ती खो खो हसत सुटली. मग नीट समजावून सांगितलं. धुक्यामुळे बॅटऱ्या रिकाम्या झाल्या आहेत, त्यात पाचही डबे एकदम तापायला लागले, म्हणून यंत्राने स्वतःला वाचवायला सगळं बंद केलं. ऊन छपरावर आलं की ते आपोआप उठेल. "पण आज एका वेळी एकच चुश्कोपेक. दुसरा लावलात की पुन्हा बंद. पुढच्या महिन्यात मी बॅटऱ्या वाढवून देते. आणि तेव्हा घरात अजून काय काय लपवून ठेवलंय ते बघायला येते."

फोन ठेवला आणि भांडण जुंपलं. प्रत्येकाच्या मिरच्या नासायला टेकलेल्या. त्सोन्का म्हणाली तिचं पोतं सगळ्यांत मोठं. तिचा नवरा म्हणाला गप्प बस, आणि मग तोच सर्वांत मोठ्याने बोलला. म्हातारा पेन्को बहिरा, त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं, तरी तो नाही नाही म्हणत होता. नेद्को म्हणाला, पॅनेल त्याच्या ट्रॅक्टरवरून आली, तेव्हा पहिला हक्क त्याचा. मी डिझेलची आठवण करून दिली.

रुमेन दुपारी यायचा होता, आणि गेनाच्या घरात फ्रिज बंद पडलेला. ती शाळेच्या पायरीवर चढली आणि म्हणाली, "शेळ्यांवरून आपण कधी भांडलोय का?"

खरंच, कधीच नाही. आमच्या सगळ्यांच्या शेळ्या एका कळपात चरतात आणि एकेक घर आळीपाळीने त्यांना रानात नेतं. जितक्या शेळ्या, तितके दिवस. ज्या घराची बारी, त्याच्या फाटकावर पितळी घंटी टांगलेली असते. आपली बारी झाली की आपण घंटी पुढच्या फाटकावर नेऊन लावायची. आमच्या आज्यांच्याही आधीपासून हे असंच चालत आलंय, आणि घंटीशी खोटं कोणी बोललेलं नाही.

"घंटी ज्याच्या फाटकावर, चुश्कोपेक त्याचा चालू," गेना म्हणाली. "भाजून झालं की पुढे द्यायची. शेळ्यांचाच क्रम. कोणाला काही म्हणायचंय?"

कोणालाच नव्हतं. त्सोन्काच्या नवऱ्याने टोपी काढली, पुन्हा घातली. पेन्कोला खुणेने सांगितलं, तोही हो म्हणाला. सगळ्यांत जास्त शेळ्या नेद्कोच्या, म्हणून पहिली बारी त्याची. तो खुशीत निघाला, आणि जाता जाता वळून म्हणाला, "पण गेना, या क्रमात तू कुठे येतेस? तुझ्याकडे शेळी कुठाय?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. गेनाच्या डोक्यात तिच्या शेळ्या अजून गोठ्यातच होत्या.

मला संताप आला. "अरे, तिच्या दोन्ही शेळ्या तुझ्याच गोठ्यात आहेत ना? लाज आहे का?"

"विकत घेतल्यात. नियम नियम आहे. आणि तिनेच सांगितला."

"बरोबर आहे त्याचं," गेना म्हणाली आणि खाली उतरली. घरी जाताना मी तिला म्हटलं, पोतं माझ्याकडे दे, माझ्या बारीत तुझ्याही भाजते. तर म्हणाली, "माझ्या भिंतीत माझं बटण असताना मी दुसऱ्याच्या दारात टोपली घेऊन बसू? मग काळोख काय वाईट होता?"

धुकं फाटलं, छपरावर ऊन पडलं आणि शाळेतलं यंत्र खरंच उठलं. नेद्कोच्या अंगणातून भाजक्या मिरच्यांचा वास सुटला. मग घंटी त्सोन्काकडे गेली. पेन्कोच्या दारात घंटी लागली तेव्हा रुमेनची गाडी आली.

पुढच्या सीटवर त्याने घोंगडी घालून ठेवली होती, आईला ऊब मिळावी म्हणून. ती घोंगडी बघून मला कसंतरीच झालं. पण तो खुशीत होता. त्याने दिवा लावून बघितला, फ्रिज उघडून बघितला, आत चीज आणि दही गार होतं. "चालतंय की गं आई!" म्हणाला. मी पाव द्यायच्या निमित्ताने तिथेच घुटमळत होते. गेनाने चीज भरलेली बानित्सा वाढली, त्याने दोन तुकडे खाल्ले आणि बोटं चाटता चाटता त्याची नजर कोपऱ्यातल्या पोत्यावर गेली.

"सगळ्या वाडीत मिरच्यांचा वास येतोय. तुझ्या अजून पोत्यात कशा?"

गेनाला खोटं बोलता येत नाही. तिने घंटीचं सांगितलं, क्रमाचं सांगितलं, आणि शेवटचंही सांगितलं.

रुमेनने हातातला तुकडा खाली ठेवला. रागावला नाही, हेच वाईट. हळू आवाजात म्हणाला, "आई, आज लख्ख ऊन आहे, सगळ्यांचे डबे चालले, आणि तुझा नाही. डिसेंबरात सूर्य दोन घटका दिसेल तेव्हा काय होईल? वीज कमी पडली की पहिलं कोणाला वगळतील? ज्याच्याकडे काही नाही त्यालाच ना? मला याचीच भीती होती. काळोखाची नव्हती."

मी काहीतरी बोलायला गेले. गेनाने हात केला आणि मला थांबवलं. उठली, आतल्या खोलीत गेली, आणि पलंगाखालून बॅग ओढल्याचा आवाज आला. तिने शब्द दिला होता.

मी तडक नेद्कोच्या अंगणात गेले. तो बादली पुढ्यात घेऊन मिरच्या सोलत बसला होता, हात कोपरापर्यंत लाल. मी त्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी म्हटलं, "ती चालली. बॅग भरतेय. तुझ्या नियमामुळे चालली. आता ये उद्यापासून, कुंपणावरून तुला दोन शब्द बोलायला कोण आहे बघ."

त्याने मान वर केली नाही. "गार झाल्या की सालं निघत नाहीत," म्हणाला. "जा, तुझी बारी येईल."

आली. पेन्कोने घंटी माझ्या फाटकावर लावली. माझी एकच शेळी, म्हणून माझा नंबर शेवटचा. मी डब्यात मिरच्या सोडत होते आणि नाक पुसत होते. तिकडे रुमेनने बॅग गाडीत ठेवली. गेना खिडक्यांच्या झडपा लावत होती, एकेक, सावकाश. माझं पोतं संपलं. मी बटण बंद केलं आणि वाटलं, आता ही घंटी न्यायची कुठे?

तेवढ्यात नेद्को पायवाटेवरून येताना दिसला. हात अजून लाल. मागे दोरीला एक करडी शेळी. ती सिव्का, हे मी लांबूनच ओळखलं. गेनाची मोठी शेळी.

"झालं का तुझं?" त्याने मला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता माझ्या फाटकावरची घंटी काढली. गेनाच्या फाटकापाशी जाऊन त्याने सिव्काची दोरी सोडली. शेळीने इकडे तिकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ अंगण ओलांडून आपल्या जुन्या गोठ्यात शिरली.

गेना झडप अर्धी धरून उभी होती. "हे काय, नेद्को?"

"खाते फार," नेद्को म्हणाला. "दूध देते थोडं. मला परवडत नाही."

ज्याने सख्ख्या भावाला कधी करडू दिलं नाही, तो माणूस हे बोलत होता. मग त्याने घंटी गेनाच्या फाटकावर टांगली, आणि रुमेनकडे वळला. "शेळी आली म्हणजे बारी आली. येता मंगळवार गेनाचा. तुला तिला न्यायचं असेल तर ने बाबा. पण मग मंगळवारी, आणि पुढच्या प्रत्येक बारीला, कळप घेऊन रानात तू जायचं. पाऊस असो, बर्फ असो."

"मंगळवारी? मला दुकान आहे," रुमेन म्हणाला.

"शेळ्यांना ते कळत नाही."

"आणि हिवाळ्यात? वीज कमी पडली तर?"

"तर सगळ्यांनाच कमी पडेल," नेद्को म्हणाला. "घंटी कोणाचं फाटक सोडून पुढे गेलेली नाही. सकाळी मीच गेनाचं फाटक वगळलं. ती चूक माझी."

नेद्कोला असं बोलताना आम्ही कोणी कधी ऐकलं नव्हतं. कुंपणाशी आलेली त्सोन्का तर हातातली मिरची तोंडाशी धरून तशीच उभी. रुमेनने आईकडे बघितलं. पण आई तिथे नव्हतीच. स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "रुमेन! पोतं आण इकडे! ऊन उतरायच्या आत!"

त्याने पोतं उचललं.

संध्याकाळपर्यंत मायलेकांनी भाजलं, आणि पोराची बोटं पोळली, कारण शहरात राहून त्याचे हात लोण्यासारखे झालेत. बॅग गाडीतच राहिली होती. रात्री घालायला गेनाला काही मिळेना, तेव्हा ती तिने स्वतः जाऊन आणली.

रविवारी आम्ही पाचही घरांच्या मिरच्या एकाच मोठ्या कढईत, शाळेच्या अंगणात शिजवल्या. नेद्कोने लाकडं आणली, आपणहून. रुमेनने पावाच्या तुकड्यावर गरम ल्युतेनित्सा घेतलं, फुंकर मारून चाखलं. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. गेना म्हणाली, "बोल आता. काय कमी आहे?"

त्याने डोळे मिटून पुन्हा चाखलं. "मीठ."

"तेवढ्यासाठी नेणार का मला?"

तो हसला, आणि मग त्याने तोंड फिरवून डोळे पुसले. मी म्हटलं धूर लागला असेल. तो म्हणाला, "हो, लेल्या व्हेल्का, धूरच."

दुपारी तो निघाला. घोंगडी घातलेल्या पुढच्या सीटवर गेनाने बरण्या एकीला एक टेकवून बसवल्या आणि वरून पट्टा ओढून लावला. गाडी वळणाआड गेली तरी ती रस्त्याकडे बघत उभी होती. मग सिव्का ओरडली, आणि ती दूध काढायला गेली.